इलारियोनच्या हातातला उजेड

१

इझ्वोराश गावच्या जत्रेच्या सकाळी पांतेलेई म्हातारा शेजारच्या तळघरात उतरला, तो वाइन आणायला. एका हातात रिकामा जग, दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती. ऑक्टोबर महिना, द्राक्षाचा रस पिंपांमध्ये खदखदतोय, अशा दिवसांत मेणबत्तीशिवाय तळघरात पाय टाकायचा नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आंबत्या रसातून जो वायू सुटतो त्याला ना रंग, ना वास. तो जमिनीलगत साचून राहतो आणि माणूस त्यात शिरला की बसल्या जागी आडवा होतो. मेणबत्ती विझली की उलट पावली वर यायचं, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. तरी दर हिवाळ्याआधी मोल्दोवातल्या कुठल्या ना कुठल्या गावात एखादा मरतोच.

पांतेलेईची मेणबत्ती चार पायऱ्या उतरेपर्यंत विझली. तो मागे फिरणार, तेवढ्यात दारातून येणाऱ्या उजेडात त्याला खाली बुटांची जोडी दिसली. चांगले महागाचे इटालियन बूट, तळवे वर केलेले. गावात तसे बूट एकाच माणसाचे होते, शेजारच्या थोरल्या इलारियोनचे.

म्हातारा धापा टाकत टेकडीवरच्या क्रुसापाशी गेला, कारण त्या खोलगट गावात फोनला तिथेच रेंज मिळते, आणि त्यानं मदत मागवली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावच्या दवाखान्यातल्या त्रोफीमनं नाडी पाहण्याचा सोपस्कार केला, कागदावर ‘वायू’ असं लिहिलं आणि तो हात धुवायला गेला.

तालुक्याहून इन्स्पेक्टर रुक्सांदा मोकानू आली ती केवळ मृत्यूच्या कागदावर सही करायला. पलीकडच्याच खोऱ्यात वाढलेली, चाळिशीची, जाड पायांची आणि कमी बोलणारी बाई. इलारियोनला तोवर घराच्या मोठ्या खोलीत निजवलं होतं. आई अगाफिया उशाशी उभी होती. रडत नव्हती. तिनं धाकट्या मुलाची, निकिफोरची, बाही मुठीत गच्च धरली होती आणि तो पाणी प्यायला हलला तरी ती बरोबर हलत होती. दोन मुलगे होते, एक तिथे पडला होता. आता हा एकच तिचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

“उजेड हातात घेऊन गेला हो,” एक बाई रुक्सांदाला म्हणाली. “तेवढी तरी देवानं दया केली.”

बायका एकमेकींना तेच सांगत होत्या. त्या मुलखात मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवी. ती नसली तर पुढची वाट त्याला अंधारात चाचपडावी लागते, आणि मागे राहिलेल्यांना त्याचा सल मरेपर्यंत पुरतो. रुक्सांदाचा बाप इस्पितळात वारला तेव्हा नर्सनं मेणबत्ती लावू दिली नव्हती. तिची आई अजून त्या नर्सला नाव घेऊन शिव्या देते.

इलारियोनच्या उजव्या मुठीत मेणबत्तीचा तुकडा होता. अंगठ्याच्या पेराएवढा. वितळलेलं पिवळं मेण बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत गेलं होतं, एका थरावर दुसरा थर.

रुक्सांदा त्या मुठीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग तिनं एका बाईकडून मेणबत्ती मागून घेतली, अंगण ओलांडलं आणि तळघराचं दार उघडून ती पायऱ्या उतरू लागली. चौथ्या पायरीवर ज्योत आखडली आणि विझली. वर येऊन तिनं पुन्हा पेटवली, पुन्हा उतरली. पुन्हा विझली.

त्या तळघरात मेणबत्ती क्षणभरही जळत नव्हती. इलारियोनच्या हातातली मात्र बुडापर्यंत जळली होती.

२

“सही झाली का, बाई?” त्रोफीमनं विचारलं. “पाद्रीबाबा परवाचं दफन ठरवतायत.”

“ठरवू देत,” रुक्सांदा म्हणाली. सही मात्र तिनं केली नाही.

मेलेल्याची बायको झिनाइदा अंगणाच्या टोकाला, अक्रोडाखाली एकटीच बसली होती. तिच्याजवळ कुणी जात नव्हतं. गेली वीसेक वर्षं नवराबायको इटलीत, पादुआजवळ. तो इमारतींवर लाद्या बसवायचा, ती परक्यांच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायची. दर ऑगस्टात पंधरवड्यासाठी यायचे, खायचे, झोपायचे, रडत परत जायचे. यंदा पहिल्यांदा मोठी सुट्टी काढून आले होते. उन्हाळ्यापासून नाताळापर्यंत.

“मोठी सुट्टी,” झिनाइदा म्हणाली. “पंधरा दिवसांत माणूस पाहुणा असतो. सगळे गोड बोलतात. पुढे मग घर कुणाचं ते दिसायला लागतं.”

इलारियोनला स्वस्थ बसवत नव्हतं. त्यानं न्हाणीघराला लाद्या लावल्या, आईची चूल काढून गॅस बसवला. तळघरात विजेचा पंखा बसवला, वायू बाहेर फेकणारा. गाव हसलं. तो गावाला हसला. मग त्यानं एक दिवस जेवताना सांगून टाकलं की द्राक्षमळा उपटून उताराची जमीन विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला पादुआला न्यायचं. निकिफोरनंही यावं, काम लावून देतो.

“निकिफोर काय म्हणाला?”

“काही नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. त्या मळ्यात त्यानं उभं आयुष्य घातलंय हो. लग्नसुद्धा केलं नाही. मी ह्यांना म्हटलं, जरा सबुरीनं घ्या. तर म्हणाले, मी त्याचं भलंच करतोय.”

आदल्या रात्री ती घरी नव्हती. शेजारच्या गावी बहिणीकडे जत्रेच्या पावांसाठी पीठ मळायला गेली होती आणि तिथेच राहिली. बहिणीच्या घरात दहा बायका होत्या, साक्षीला तोटा नव्हता.

एवढ्यात अगाफिया ओसरीवर आली. निकिफोरची बाही अजून तिच्या मुठीतच होती. साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “विचार, पोरी, विचार तिला. आधी परदेशी नेलंन माझ्या पोराला, आता वर धाडलंन. तिकडे कुणी म्हातारा आहे तिचा, बंगलेवाला. सगळ्या गावाला माहीत आहे.”

झिनाइदानं मान वर केली नाही. “तो बंगलेवाला अंथरुणात मुततो, सासूबाई,” ती म्हणाली. “या एकदा बघायला.”

रुक्सांदानं आवाज खाली आणला. “तुमच्या नवऱ्याच्या हातात मेणबत्ती होती.”

“हो ना. सगळे म्हणतात, नशीबवान.” तिनं पहिल्यांदाच रुक्सांदाकडे नीट पाहिलं. “पण तोच विचार करतेय मी सकाळपासून. ते मेणबत्तीची थट्टा करायचे. ‘मेणबत्त्या देवळात लावा, इथे पंखा आहे,’ म्हणायचे. फोनचा दिवा लावून उतरायचे खाली. बाई, त्यांनी मेणबत्ती हातात घेतलीच नसती.”

३

पंख्याची वायर तळघराच्या भिंतीवरून अंगणातल्या बाहेरच्या स्वयंपाकघरात गेली होती. अगाफिया उन्हाळाभर तिथेच रांधायची. वायरीच्या टोकाला प्लग होता आणि तो बोर्डाखाली लोंबत होता. म्हणजे पंखा बंद होता आणि खाली वायू भरत गेला होता. मातीची जमीन नुकतीच सारवलेली होती. जत्रेच्या आधी सारवतातच, पण बहुतेक घरं ते चार दिवस आधी उरकतात.

निकिफोर द्राक्षं पिळायच्या घाण्यापाशी होता. अंगानं भरलेला, डोळ्यांभोवती उन्हाच्या सुरकुत्या. रुक्सांदानं विचारलं की पंखा कुणी बंद केला.

“वीज जाते-येते इथे,” तो म्हणाला. “इटली नाही ही.”

“वीज गेली तर प्लग बाहेर येत नाही.”

तो घाण्याचा दांडा पुसत राहिला. काल संध्याकाळी तो मळ्यातून आला, दोन पेले प्यायला आणि झोपला, असं त्यानं सांगितलं. आई देवळात होती, जत्रेच्या आदल्या रात्रीच्या लांब प्रार्थनेला. दादाला त्यानं पाहिलंच नाही. बोलताना त्याचा आवाज नीट होता. फक्त तो मळ्याच्या उताराकडे पाहून बोलत होता.

पांतेलेईला मात्र बोलायला लावावं लागलं नाही. त्यानं रुक्सांदाला कुंपणापाशी गाठलं आणि इलारियोनच्या पंख्यातून आंबलेल्या रसाचा वास आपल्या अंगणात यायचा, इथपासून सुरुवात केली. मग म्हणाला, “पण मला खरा राग आला तो धाकट्याचा. जत्रेची सकाळ, मी पहिला पाहुणा. तर मला म्हणतो, ‘जा काका, घ्या आपल्या हातानं भरून.’ कधी ऐकलंयत असं?”

रुक्सांदानं ऐकलं नव्हतं. त्या मुलखात यजमान पाहुण्याबरोबर तळघरात उतरतो, पहिला पेला स्वतः पितो, मग त्याच पेल्यात पाहुण्याला ओतून देतो. पाहुण्याला एकट्याला खाली धाडणं म्हणजे कुत्र्यापुढे ताट सरकवणं.

“आणि अजून एक सांगू?” पांतेलेई म्हणाला. “ह्याला वर काढायला आम्ही टॉर्च घेऊन, श्वास कोंडून खाली उतरलो. हा पायऱ्यांच्या बुडाशी, डोकं खाली, पाय वर. आणि ह्याचा जग कुठे? पार शेवटच्या पिंपाशी. अर्धा भरलेला. त्रोफीम म्हणतो, घुसमटला म्हणून पळत सुटला असेल. मी चार माणसं अशी गेलेली पाहिली आहेत, बाई. पळत कुणी सुटत नाही. असतात तिथेच बसतात.”

रुक्सांदानं वर टेकडीवर जाऊन दोन फोन केले. एक तालुक्याच्या डॉक्टरला. दुसरा अ‍ॅम्ब्युलन्स पाठवणाऱ्या कचेरीत, एक साधी गोष्ट विचारायला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मोठ्या खोलीतल्या बायकांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी त्याला तळतळाट दिले. त्यानं चिमट्यानं बोटांवरचं मेण थराथरानं सोलायला घेतलं. रुक्सांदा शेजारी उभी होती. मेण सुटलं तशी खालची कातडी दिसली. अंगठ्याच्या फटीत ती लाल होती, एका जागी बारीक फोड आला होता.

“मेलेल्याच्या कातडीला फोड येत नाही,” डॉक्टर म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे ही मेणबत्ती हातात जळत होती तोवर हा माणूस जिवंत होता. आणि एवढी जाड मेणबत्ती जळायला बराच वेळ लागतो. कुणीतरी शेजारी बसून होतं, मोकानूबाई. कुणीतरी हा हात धरून ठेवला होता. डॉक्टरला मात्र कुणी बोलावलं नाही.”

४

रुक्सांदा त्या संध्याकाळी घरी गेली नाही. पांतेलेईच्या बायकोनं दिलेली मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चीज खाऊन ती कुंपणाशी विचार करत बसली. तिला भीती वाटत होती. पुरावा सापडणार नाही याची नव्हे, सापडेल याचीच.

ती मेणबत्ती देवळातली नव्हती. देवळातल्या बारीक आणि फिकट असतात, बघता बघता संपतात. ही जाड होती, गडद पिवळ्या मेणाची, घरी ओतलेली. तसली मेणबत्ती घरात एकाच ठिकाणी असते.

तिकडे प्रत्येक म्हातारी आपल्या मरणाचं गाठोडं स्वतः बांधून ठेवते. न वापरलेले कपडे, नवे जोडे, वाटायचे टॉवेल, आणि शेवटच्या घटकेला हातात धरायची मेणबत्ती. ते गाठोडं दाखवायची त्यांना भारी हौस. पाहुणा आला, पोस्टमन आला, की पेटी उघडलीच. ‘हा बघ माझा झगा, हे बघ जोडे, छान दिसेन ना?’ नातवंडं कंटाळून पळून जातात. रुक्सांदाच्या आजीनं तिला ते गाठोडं इतक्यांदा दाखवलं होतं की पुढे आजी त्या झग्यात पाहिली तेव्हा ओळखीचीच वाटली.

सकाळी ती अगाफियापाशी गेली. म्हातारी बाहेरच्या स्वयंपाकघरात एकटी होती, दफनानंतरच्या जेवणासाठी गहू निवडत होती. तिनं रुक्सांदाला बसायला स्टूल दिलं आणि काही खाल्लंस का म्हणून विचारलं. रुक्सांदाला तिथून उठून जावंसं वाटलं. गेली नाही.

“आजी,” ती म्हणाली, “तुमचं गाठोडं तयार आहे का हो?”

अगाफियाचा हात गव्हात थांबला.

“आहे की.”

“दाखवता मला? माझी आई म्हणते, मलाही बांधायचंय. काय काय ठेवू, विचारून ये म्हणाली.”

म्हातारीनं ताटाच्या कडेला पडलेला एक खडा उचलून टाकला.

“आज नको, पोरी,” ती म्हणाली. “पेटी अवजड आहे.”

५

पुढचं रुक्सांदानं हळू आवाजात सांगितलं, कुणावर आवाज न चढवता. खाली मेणबत्ती जळत नाही, म्हणजे इलारियोन वर होता. जग शेवटच्या पिंपाशी राहिला, म्हणजे तो तिथे कोसळला आणि त्याला कुणीतरी ओढून बाहेर आणलं. तो इथेच, या जमिनीवर, जिवंत पडून होता. जमीन नंतर सारवली. मेणबत्ती तुमच्या पेटीतली. आणि मग त्याला परत पायऱ्यांवरून खाली सोडलं. उतरायची गरजही पडली नाही, दारातून ढकलला की झालं.

अगाफिया गव्हाकडे पाहत ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिचे ओठ हलले.

“मी मारला त्याला,” ती म्हणाली.

“कसा?”

“प्लग काढला. मी घराबाहेर पडताना सगळे प्लग काढते, पोरी, नेहमी काढते. माझ्या माहेरी एकदा विजेनं आग लागली होती. तो मला सांगायचा, आई, एवढा एक काढू नकोस, हा पंख्याचा आहे. मी म्हणायची, नाही काढणार. त्या दिवशी देवळात निघाले, हात आपोआप गेला. तो माझ्या मागे जत्रेसाठी वाइन काढायला उतरला असणार, पंखा चालू आहे अशा भरवशावर.”

मग सगळं बाहेर पडलं. ती देवळातून परतली तेव्हा निकिफोरनं भावाला नुकताच बाहेर ओढून आणला होता. तोंडाला ओलं फडकं बांधून, श्वास कोंडून तो खाली शिरला होता आणि स्वतः ओकत होता. इलारियोन घरघरत होता, डोळे अर्धवट उघडे. निकिफोर टेकडीवर फोन करायला पळाला. तिनं पेटी उघडली, आपली मेणबत्ती काढली, पेटवली आणि त्याच्या मुठीत धरली. निकिफोर आला, म्हणाला, निघालेत, येतायत. ती हात धरून बसली आणि दाराकडे पाहत राहिली. मेणबत्ती संपत आली. कुणी आलं नाही. मग तो गेला.

“निकिफोर म्हणाला, ‘आई, आता ते आले तर प्लग कुणी काढला विचारतील. तुला नेतील. त्याला होता तिथे ठेवू, वायूनं गेला म्हणतील सगळे.’ मेणबत्ती काढून घेत होता तो. मी घेऊ दिली नाही. माणूस जो उजेड घेऊन गेला तो त्याच्या हातातून कुणी काढायचा नाही.” तिनं डोळे पुसले. “माझ्यासाठी केलं त्यानं ते. त्याला काही करू नकोस. मला ने. माझा तो एकच राहिला, पोरी.”

रुक्सांदाला आता सही करून निघून जाता आलं असतं. म्हातारीनं प्लग काढला, अपघात झाला, घाबरून दोघांनी मूर्खपणा केला. कुठलाही साहेब खुश झाला असता आणि या बाईला तिचा उरलेला मुलगा राहिला असता. पण उद्या रात्री ती त्याच्याच हातचं पाणी पिणार होती, स्वतःला खुनी समजत, आणि तो तिला तसं समजू देणार होता. हे रुक्सांदाला सहन होईना.

“आजी, प्लग काढणं हा गुन्हा नाही. त्यासाठी तुम्हाला कुणी नेणार नाही. तो अपघात होता. आणि त्यातून इलारियोन वाचलाही असता, डॉक्टर म्हणतात. प्राणवायू लावला असता तर.”

“मग ते आले का नाहीत?” अगाफियानं विचारलं. “रस्ता खराब होता का?”

“त्यांना कुणी बोलावलंच नाही. मी कचेरीत विचारलं. त्या रात्री या गावातून एकही फोन गेला नाही. पहिला फोन सकाळी पांतेलेईकाकांचा.”

म्हातारीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं गव्हाचं ताट मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवलं.

“माझ्याकडे पुरावा नाही,” रुक्सांदा म्हणाली. “मेणबत्ती आहे आणि माझा तर्क आहे. तो म्हणेल, रेंज मिळाली नाही, मी झोपलो होतो, आई भ्रमिष्ट झाली आहे. त्यानं तुम्हाला ‘निघालेत’ असं सांगितलं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. तुम्ही नाही सांगितलंत तर तो तुमच्यापाशी राहील. मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही.”

अगाफिया उठली. दफनाची घंटा वाजायला लागली होती. तिनं डोक्यावरचा काळा रुमाल नीट बांधला आणि ती बाहेर गेली.

६

दफन झालं. अंगणात लांब टेबलं मांडली, पाव, मासे, गोड गहू, आणि वाइन जिच्याकडे कुणी बघेना. झिनाइदा टेबलाच्या टोकाशी उभी राहून नवऱ्याचे कपडे वाटत होती. तशी रीतच आहे. देणारी म्हणते, ‘इलारियोनच्या आत्म्यासाठी.’ घेणाऱ्यानं म्हणायचं, ‘देव त्याला पदरात घेवो.’ पांतेलेईला ते बूट मिळाले. त्यानं रडत रडत ते शब्द म्हटले आणि तो बूट छातीशी धरून बसला.

रुक्सांदा फाटकापाशी उभी होती. गाडी बाहेर होती. ती अजून निघाली नव्हती, आणि का थांबली आहे हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

अगाफिया निकिफोरसमोर येऊन बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच, तो एवढा जवळ असून, तिनं त्याची बाही धरली नव्हती.

“त्या रात्री फोनवर कोण बोललं रे?” तिनं विचारलं. “बाई की पुरुष?”

निकिफोरनं पेला खाली ठेवला. “आत्ता कशाला, आई? लोक आहेत.”

“बाई की पुरुष?”

“बाई.”

“काय म्हणाली?”

“निघालेत म्हणाली. रस्त्यावर चिखल आहे, जरा वेळ लागेल म्हणाली.”

“चिखल,” अगाफिया म्हणाली. “महिनाभर पाऊस नाही.”

निकिफोरनं आईकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून फाटकाशी उभ्या असलेल्या रुक्सांदाकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. थकलेला माणूस ओझं खाली ठेवताना दिसतो तसा तो दिसला.

“मी त्याला बाहेर काढला, आई,” तो म्हणाला. “देवाशप्पथ. तेव्हा मनात काही नव्हतं. दादा खाली पडलाय एवढंच. मी पण मेलो असतो.”

“माहीत आहे.”

“मग टेकडीवर चढलो. फोन हातात होता. वरून सगळा मळा दिसतो गं. चांदणं होतं. म्हटलं, जरा श्वास घेतो, मग लावतो. बसलो. मग म्हटलं, अजून जरा.” तो थांबला. “मग खाली आलो.”

“मी हात धरून बसले होते त्याचा,” अगाफिया म्हणाली. “आणि तू माझ्या शेजारी बसलास.”

झिनाइदाच्या हातातला सदरा खाली पडला. कुणी उचलला नाही.

अगाफिया उठून फाटकापर्यंत चालत आली. एवढ्याशा अंतरात ती दोनदा थांबली. “मी सांगते सगळं,” ती रुक्सांदाला म्हणाली. “कुठे सही करायची ती दाखव. मला लिहिता येत नाही, नुसतं नाव येतं.”

“नाव पुरेल, आजी.”

“त्याला तिथे जेवायला देतात ना?”

“देतात.”

“आणि थंडी?”

रुक्सांदाला खोटं बोलता आलं नाही. “थंडी असते,” ती म्हणाली.

म्हातारी परत टेबलापाशी गेली. कपड्यांच्या ढिगात इलारियोनचा जाड लोकरी कोट होता, इटलीहून आणलेला, यंदाच्या हिवाळ्यासाठी. तिनं तो उचलला. झिनाइदानं दुसरं टोक धरून ठेवलं. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. शेवटी झिनाइदानं हात सोडला आणि ती तोंड फिरवून उभी राहिली.

अगाफियानं कोट निकिफोरच्या खांद्यावर टाकला.

“इलारियोनच्या आत्म्यासाठी,” ती म्हणाली.

त्यानं म्हणायचे शब्द साऱ्या गावाला पाठ होते. त्याचं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. लोक वाट पाहत होते आणि आईही पाहत होती. तो टेबलाची कड धरून नुसता उभा राहिला.

अगाफियानं आणखी थोडी वाट पाहिली. मग तिनं त्याचे हात एकेक करून बाह्यांत घातले, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि त्याला गाडीपर्यंत पोचवलं.